नाशिकच्या वाटेवरचा पाद्री

२ मार्च १८२६ रोजी गॉर्डन हॉल नावाचा अमेरिकन पाद्री मुंबईहून निघाला. सोबत मिशनच्या शाळेतली दोन ख्रिस्ती मुलं, एक गाठोडं मराठी पुस्तकांचं आणि एक छोटा साठा औषधांचा. आगगाडी यायला अजून सत्तावीस वर्षं होती. मुंबईपासून नाशिक शंभर मैल. घाट चढून, मुक्काम करत जायचं, वाटेतल्या गावांत चार माणसं जमवून बोलायचं, पुस्तकं वाटायची, असा हा दौरा. पेशवाई बुडून आठच वर्षं झाली होती. नाशिकात गोऱ्या माणसाचं नवल फारसं उरलं नव्हतं, पण गोरा असून कंपनी सरकारचा नोकर नाही आणि मराठी बोलतो, याचं नवल नक्कीच वाटलं असेल.

नाशिकला ते पोचले तेव्हा शहरात पटकी पेटली होती. आमच्या घरात तिला हैजा म्हणत, खेड्यापाड्यांत मरीआईचा कोप म्हणत. १८१७ साली बंगालमध्ये जेसोरला तिचा भडका उडाला आणि वर्षभरात ती मुंबईला पोचली. त्यानंतर ती दर काही वर्षांनी येत राहिली. सकाळी आडावर पाणी भरताना दिसलेला माणूस संध्याकाळी उचलावा लागे. हॉल पोचले त्या सुमारास एकाच दिवशी दोनशेहून जास्त माणसं दगावल्याचं मिशनच्या वृत्तांतात आहे. त्या काळच्या नाशिकची वस्ती डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हा आकडा कळेल.

हा माणूस कोण होता, ते थोडक्यात सांगतो. जन्म १७८४चा, मॅसॅच्युसेट्समधला. कनेक्टिकटमधल्या एका चर्चनं पाद्रीपद देऊ केलं होतं. ते नाकारून १८१२ साली त्यांनी जहाज धरलं. निघण्यापूर्वी फिलाडेल्फियात थोडं वैद्यकही शिकून घेतलं. कलकत्त्याला उतरताच कंपनी सरकारनं परत जायचा हुकूम केला. त्यातच इंग्लंड आणि अमेरिकेचं युद्ध जुंपलं, म्हणजे आता ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. फेब्रुवारी १८१३ मध्ये ते मुंबईला आले, तिथंही तोच हुकूम. अखेर गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्जामागून अर्ज करून त्यांनी राहण्याची परवानगी मिळवली. हीच अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात. तेरा वर्षांत शाळा निघाल्या, छापखाना आला. धर्मांतरं मात्र बोटांवर मोजण्याइतकी.

त्या तेरा वर्षांनी घेतलंही पुष्कळ. सॅम्युएल न्यूएल हे त्यांचे सोबती. न्यूएल यांची तरुण पत्नी हॅरिएट मुंबई पाहण्याआधीच मॉरिशसमध्ये वारली होती आणि १८२१ मध्ये न्यूएल स्वतः मुंबईत पटकीनं गेले. म्हणजे ही बया काय आहे, हे हॉलना ऐकीव नव्हतं. १८२५ मध्ये हॉल यांची पत्नी दोन मुलांना घेऊन अमेरिकेला परत निघाली. त्यातला एक मुलगा समुद्रातच गेला. मुंबईच्या घरात हॉल आता एकटेच होते.

नाशिकात ते काही दिवस राहिले. पुस्तकं वाटली आणि औषध वाटलं. जो येईल त्याला दिलं. जवळचा साठा जवळपास संपला तेव्हा ते परत निघाले.

आता या औषधाबद्दल बोललं पाहिजे, कारण भक्तिभावानं लिहिलेल्या चरित्रांत हा मुद्दा निसटतो. त्या काळी पटकीवर सर्रास दिलं जाई ते कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं चूर्ण, आणि अफूचा अर्क. पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. पारा ते भरून काढत नाही, अफूही नाही. रोग पाण्यातून पसरतो हे डॉ. जॉन स्नो यांनी लंडनमध्ये १८५४ साली दाखवलं. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू ओळखला तो १८८४च्या आसपास, आपल्या कलकत्त्यातल्या तळ्यांचं पाणी तपासून. आणि खरा उपाय किती साधा निघाला! १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. नाशिकात गोदावरी होती, मीठ होतं, गूळ होता. माहिती नव्हती.

मग हॉल यांनी नाशिककरांना दिलं ते काय? औषध म्हणून त्याची किंमत शून्याच्या जवळ. पण त्यांना ते शून्य वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी तो त्यांचा स्वतःचा जीव होता. परतीच्या वाटेवर लागलं तर एवढंच जवळ आहे हे ठाऊक असलेल्या माणसानं ते अनोळखी माणसांच्या हातावर ठेवलं. हे मी दान समजतो.

यावर कोणी म्हणेल, पाद्री होता तो, पुस्तक खपवायला औषध वाटत होता. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. हॉल आले ते लोकांचा धर्म बदलायला, हे त्यांनी कधी लपवलं नाही. पण घेणाऱ्यालाही अक्कल असते, हे आपण का विसरतो? माझ्या लहानपणी मोहल्ल्यातल्या बाया पोरांना घेऊन मिशनच्या दवाखान्यात जात. तिथं बाटलीसोबत एक पातळ पुस्तकही मिळे. माझी दादी बजावून पाठवायची, “दवा लेना, किताब रख आना.” दवाखानेवाल्यांना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. तरी बाटली मिळत राहिली. (पुस्तक मात्र मी एकदोनदा घरी आणलं. मराठी वाचायची चटक मला जिथून तिथून लागली, त्यात त्या पुस्तकांचाही वाटा आहे. दादीला हे सांगितलं नव्हतं.)

मोठ्या माणसांनीही असंच केलं. हॉल गेल्यावर पावणेदोन वर्षांनी, डिसेंबर १८२७ मध्ये, त्याच मिशनच्या सिंथिया फरार मुंबईत उतरल्या. पुढे त्या तेव्हाच्या अहमदनगरात मुलींच्या शाळा चालवू लागल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढायचं बळ आलं. फुल्यांनी शाळा घेतली, बाप्तिस्मा घेतला नाही. मिशनच्या छापखान्याचंही तेच. तिथं उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर काढला आणि त्याच्या देखण्या टायपात संस्कृतातली शास्त्रं छापली. देणाऱ्यानं काय मनात धरलं होतं आणि ते कुठं जाऊन पोचलं!

माझ्या परंपरेत साथीबद्दल एक स्पष्ट शिकवण आहे. साथ असलेल्या मुलखात जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथं आली तर पळून जाऊ नका, असं पैगंबरांनी सांगितल्याचं हदीसमध्ये आहे. सन ६३९च्या सुमाराला सीरियात अमवासची साथ आली तेव्हा खलिफा उमर सरहद्दीवरूनच परतले. सेनापती अबू उबैदा आपल्या लोकांत राहिले आणि तिथंच गेले. दोघांचंही बरोबर मानलं जातं. हॉल मात्र यात कुठंच बसत नाहीत. ते साथीच्या गावात शिरले आणि निघालेही. आजचा आरोग्य अधिकारी त्यांना वेशीवरच अडवील, आणि ते योग्यच होईल. चांगुलपणानं रोग थांबत नाही. पण १८२६ मध्ये वेशीवर अडवणारं कोणी नव्हतं आणि आत औषध देणारंही क्वचितच कोणी.

१९ मार्चला ते दोडी-दापूरला पोचले. मुक्कामाला जागा मिळाली ती एका देवळाच्या ओसरीत. तिथं त्यांनी अंथरूण घातलं. पहाटे चारच्या सुमाराला पटकीनं गाठलं. उरलंसुरलं औषध घेतलं, ते उलटून पडलं. पुन्हा घ्यायला फारसं काही नव्हतं. आपण वाचत नाही हे त्यांनी मुलांना सांगून टाकलं. जमलेल्या गावकऱ्यांशी बोलले, बायको-मुलांसाठी प्रार्थना केली. देवाचा गौरव असो, असं तीनदा म्हणाले आणि आठेक तासांत संपले. बेचाळीस पुरी व्हायला तीन आठवडे कमी होते.

त्यांचे सहकारी होरेशिओ बार्डवेल यांनी पुढे, १८३४ साली, त्यांचं चरित्र लिहिलं. हॉल यांना पेटीशिवाय पुरावं लागलं याची हळहळ मिशनच्या लिखाणात आढळते. मला तिथं थोडं थांबावं लागलं. आमच्याकडे पेटी नसतेच. कापडात गुंडाळून माती देतात, आणि त्यात कुणाला उणं वाटत नाही.

त्या दोन मुलांचं मात्र मनातून जात नाही. परक्या गावात, साथीच्या दिवसांत, आधी त्यांना पुरायला जागाच कोणी देईना. त्यांनी विनवण्या करून ती मिळवली, खड्डा तयार करवला आणि आपल्या गुरूला घोंगडीत गुंडाळून त्यात ठेवलं. मग ती दोघं मुंबईच्या वाटेला लागली. त्याच वर्षी मिशनच्या छापखान्यात मराठी नवा करार छापून पुरा झाला.