संक्षेप कुणासाठी? इतिहासाचा निबंध लिहिताना

मंडळी, आजचा विषय किरकोळ वाटेल. निबंधात संक्षेप वापरावेत का, आणि किती? पण मराठ्यांच्या इतिहासावर लिहायचं तर हा प्रश्न टळत नाही, कारण आपली साधनंच संक्षेपांनी भरलेली आहेत.

एखादा मोडी कागद उघडा. 'मौजे'साठी नुसतं 'मौ', 'परगणे'साठी 'प', पुढे दंड मारला की झालं. पत्रात 'सा. न. वि. वि.', म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. कारकून आळशी होते म्हणून नव्हे बरं का. लिहायचं भरपूर, आणि वाचणारा त्याच रिवाजात वाढलेला. त्याला फोड करून सांगायची गरजच नव्हती. आपला वाचक मात्र त्या दफ्तरात बसलेला नाही.

आता 'छ' घ्या. जुन्या पत्रात 'छ ५ रबिलावल' असं दिसतं. इथे छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. आज आपण 'छ. शाहू' लिहितो तेव्हा तोच छ छत्रपती असतो. दोन्ही एका पानावर आले की नवखा वाचक अडखळणारच. म्हणून तारखेचा छ मी फक्त मूळ उताऱ्यात ठेवतो, स्वतःच्या वाक्यात नाही.

खरी गडबड सनांची. कागदावर सुहूर सन अरबी शब्दांत असतो : 'इहिदे सबैन मया व अलफ'. एक, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७१. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणून हे साल १७७०-७१. आता विद्यार्थी जागा वाचवायला लिहितो 'स. ११७१'. कुठला सन? वाचकाने फसली धरला तर मिळवायचे ५९० किंवा ५९१, आणि साल निघतं १७६१-६२. नऊ वर्षं सरकली! १७६१-६२ म्हणजे पानिपत नुकतंच झालेलं, थोरले माधवराव नुकतेच पेशवे झालेले. १७७०-७१ म्हणजे मराठी फौजा पुन्हा उत्तरेत, दिल्लीपर्यंत पोचलेल्या. तेच पत्र, पण त्यातल्या 'फौजेची तंगी' या शब्दांचा अर्थ पार बदलतो. 'सुहूर' हा तीन अक्षरी शब्द लिहिला असता तर काय बिघडलं असतं?

ग्रंथांची नावं ही वेगळी गोष्ट. राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे बावीस खंड. निबंधात वीसदा संदर्भ येणार असेल तर पहिल्यांदा पूर्ण नाव, लगेच 'यापुढे म.इ.सा.', आणि मग खुशाल वापरा. दोनदाच येणार असेल तर कशाला? वाचकाला मागे जाऊन शोधायला लावायचं, एवढंच होतं. 'म.सा.प.' म्हटलं की कुणाला महाराष्ट्र साहित्य परिषद आठवते, कुणाला तिची पत्रिका. तुम्हाला कुठली हवी ते आधी सांगा. 'इ.स.'ची फोड मात्र करू नका, ती सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि तो 'ता.'. 'ता. १२ मार्च' आणि 'ता. मावळ' एकाच परिच्छेदात दिसले की मी लाल पेन उचलतो. तारीख लिहा, तालुका लिहा.