भोर व वेल्हे तालुक्यांतील विशेष गरजा असणारी बालके आणि त्यांच्या कुटुंबांसाठीची आरोग्यसाधने : एक ऐतिहासिक आढावा

सारांश

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या रांगांत वसलेल्या भोर व वेल्हे या दोन तालुक्यांतील विशेष गरजा असणाऱ्या बालकांच्या कुटुंबांना उपलब्ध झालेल्या आरोग्यसाधनांचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे. संस्थानकालीन जनगणना, पुणे शहरातील संस्थात्मक सेवांचा उदय, स्वातंत्र्योत्तर ग्रामीण आरोग्यव्यवस्था, १९९५ नंतरचे कायदे आणि २०१३ नंतरची बालआरोग्य तपासणी अशा टप्प्यांनी हा प्रवास झाला. या काळात बालकाची नोंद व तपासणी गावापर्यंत पोहोचली. परंतु वारंवार घ्यावा लागणारा उपचार मात्र प्रामुख्याने शहरातच राहिला, असे या आढाव्यातून दिसून येते.

बीजसंज्ञा : विशेष गरजा असणारी बालके, दिव्यांगता, ग्रामीण आरोग्यसेवा, पुनर्वसन, भोर, वेल्हे.

१. प्रस्तावना

जन्मजात व्यंग, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, कर्णबधिरता, अंधत्व, अपस्मार अशा स्थितींमुळे ज्या बालकांना इतरांपेक्षा अधिक व निराळ्या स्वरूपाच्या आरोग्यसेवेची गरज असते, त्यांना 'विशेष गरजा असणारी बालके' असे संबोधले जाते. या बालकांच्या प्रश्नाचा विचार बहुधा शिक्षणाच्या किंवा कल्याणकारी योजनांच्या अंगाने केला जातो. त्यांच्या आरोग्यसेवेचा विचार एखाद्या विशिष्ट प्रदेशाच्या इतिहासाशी जोडून क्वचितच झालेला आहे. तथापि, सेवा कोठे आहे आणि कुटुंब कोठे राहते, या दोन गोष्टींतील अंतर हेच अनेकदा बालकाचे भवितव्य ठरविते. म्हणून हा प्रश्न एका निश्चित भूप्रदेशाच्या संदर्भात तपासणे आवश्यक ठरते.

राजगड, तोरणा व रोहिडा या किल्ल्यांमुळे भोर व वेल्हे हे तालुके शिवकालीन इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्हे तालुक्याची सुमारे ५४ हजार होती. वेल्हे तालुक्याचे नामकरण 'राजगड' असे करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. प्रस्तुत लेखात ऐतिहासिक सातत्यासाठी 'वेल्हे' हेच नाव वापरले आहे. डोंगरउतारावरील विखुरलेल्या वाड्या, मुसळधार पाऊस आणि भाटघर, पानशेत, वरसगाव या धरणांच्या फुगवट्यामुळे तुटलेले मार्ग ही या भागाची भौगोलिक वैशिष्ट्ये होत. मराठा शेतकरी कुटुंबांबरोबरच महादेव कोळी, कातकरी व धनगर समाजाची वस्तीही येथे आढळते.

२. संस्थानकाळ : नोंद होती, सेवा नव्हती

भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ व सुधागड हे त्याचे पाच तालुके. विसाव्या शतकाच्या प्रारंभी संस्थानाचे क्षेत्रफळ ९२५ चौरस मैल, तर १९०१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १,३७,२६८ होती. आजच्या भोर व वेल्हे तालुक्यांचा मोठा भाग या संस्थानात समाविष्ट होता.

ब्रिटिशकालीन जनगणनेत १९३१ पर्यंत वेडसर, मूकबधिर, अंध व कुष्ठरोगी अशा व्यक्तींची स्वतंत्र गणना केली जात असे. म्हणजेच व्यंग असलेले मूल शासनाच्या दृष्टीस प्रथम पडले ते गणनेच्या तक्त्यात. ही गणना ज्या नोंदीसाठी होती, त्या नोंदीमागून उपचार येत नसे. पुढे १९४१ ते १९७१ या काळातील जनगणनांतून हा प्रश्नच वगळला गेला. १९८१ मध्ये तो पुन्हा आला, १९९१ मध्ये पुन्हा गळला आणि २००१ पासून स्थिरावला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. मात्र त्या जनगणनेतही स्वमग्नतेसाठी स्वतंत्र रकाना नव्हता. ज्याची मोजदादच होत नाही, त्याच्यासाठी तरतूद होणे कठीण, हे या खंडित नोंदींच्या इतिहासातून स्पष्ट होते.

गावपातळीवर बालकाची जबाबदारी संपूर्णपणे कुटुंबावर, त्यातही आई व आजीवर होती. वैद्य, सुईण, देवऋषी आणि नवस हीच जवळची साधने होती. त्यांकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. कारण दुसरे कोणतेही साधन पायी चालण्याच्या अंतरावर नव्हते.

३. पुणे शहरातील संस्थात्मक सेवांचा उदय

८ मार्च १९४८ रोजी दख्खनमधील इतर संस्थानांबरोबर भोर संस्थानही मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा भूभाग प्रशासकीय दृष्ट्या पुण्याशी अधिक घट्ट जोडला गेला. या सुमारास पुणे शहरात विशेष सेवांची पायाभरणी झालेली होती. १९३४ मध्ये अंधांसाठी शाळा व वसतिगृह सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. बौद्धिक दिव्यांगता असलेल्या मुलांसाठी १९६४ मध्ये 'कामायनी' ही संस्था उभी राहिली. पुढे के.ई.एम. रुग्णालयातील टी.डी.एच. पुनर्वसन केंद्र व मॉरिस बालविकास केंद्र यांसारख्या ठिकाणी बालकाच्या विकासाचा वैद्यकीय, मानसशास्त्रीय व शैक्षणिक अशा एकत्रित दृष्टीने विचार होऊ लागला.

या संस्थांचे कार्य निःसंशय मोलाचे आहे. परंतु भोर व वेल्हे ही तालुक्याची गावे पुण्यापासून सुमारे ५० ते ६० किलोमीटर अंतरावर आहेत आणि दुर्गम वाड्यांना प्रथम तालुक्याच्या गावी किंवा नसरापूरसारख्या ठिकाणी पोहोचावे लागते. त्यामुळे शहरातील संस्थेचा लाभ घेण्याचे दोनच मार्ग कुटुंबापुढे उरत : बालकाला वसतिगृहात ठेवणे किंवा कुटुंबानेच शहरात स्थलांतर करणे. दोन्ही मार्ग अल्पभूधारक शेतकऱ्यास व मजुरास दुष्कर होते.

४. ग्रामीण आरोग्यव्यवस्था आणि लोकसंख्येचा निकष

भारतातील प्राथमिक आरोग्य केंद्राची संकल्पना सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये मांडली. भोर गावाशी असलेले हे केवळ नामसाम्य होय. तथापि, या समितीच्या विचारातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेचा परिणाम भोर-वेल्ह्यावर दूरगामी झाला. पुढे प्रचलित झालेल्या निकषांनुसार सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगरी व आदिवासी प्रदेशात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तसेच अनुक्रमे ५ हजार व ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र अपेक्षित असते.

वेल्हे तालुक्यात शंभराहून अधिक गावे असून सरासरीने एका गावाची लोकसंख्या पाचशेच्या आतबाहेर येते. डोंगरी भागाचा सवलतीचा निकष लावला तरी संपूर्ण तालुक्यास दोन-तीन प्राथमिक आरोग्य केंद्रेच पात्र ठरतात. लसीकरण किंवा प्रसूतिपूर्व तपासणी यांसारख्या सेवांसाठी परिचारिका वाडीवर जाऊ शकते. भौतिकोपचार, वाचा-उपचार, श्रवणचाचणी या सेवांना मात्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मूळ रचनेत स्थानच नव्हते. भोर येथील उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्हे येथील ग्रामीण रुग्णालय यांमुळे सामान्य उपचारांची सोय झाली; विशेष उपचारांसाठीची वाट मात्र पुण्याकडेच जात राहिली.

या व्यवस्थेचे यश नाकारता येणार नाही. डिसेंबर १९९५ पासून देशभर राबविलेल्या पल्स पोलिओ मोहिमेमुळे पोलिओजन्य अपंगत्व नाहीसे झाले. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. जी सेवा एका थेंबात किंवा एका टोच्यात देता येते, ती डोंगर चढून वाडीवर पोहोचू शकते, हे या मोहिमेने सिद्ध केले. जन्मतःच दिव्यांगता टाळण्याच्या दृष्टीने गडचिरोलीतील डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचा घरपोच नवजात बालसेवेचा प्रयोगही महत्त्वाचा आहे. जन्मतः श्वास कोंडणे हे मेंदूच्या इजेचे एक कारण असून त्यावर प्रशिक्षित गावकरी स्त्री तत्काळ उपाय करू शकते, हे या प्रयोगातून दिसले. २०११ पासून 'आशा' कार्यकर्तीच्या कामात नवजात बालकांच्या गृहभेटींचा समावेश झाला.

५. कायदा व योजना : १९९५ ते २०१६

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने बालकांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याची जबाबदारी शासनावर सोपविली. तथापि, 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' हे शब्द त्याच कलमात होते. हे कर्तव्य व्यापक स्वरूपात साकार होण्यास १८ वर्षे लागली. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मतः ते १८ वर्षे वयोगटातील मुलांची जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार व विकासातील विलंब या चार अंगांनी तपासणी हे त्याचे स्वरूप होय. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी अपेक्षित आहे. फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता व एक परिचारिका असते. भौतिकोपचारतज्ज्ञ किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ पथकात नसतो. तो जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अपेक्षित असतो.

याच काळात १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम, २००९ चा शिक्षण हक्क अधिनियम, त्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र दिव्यांगता असलेल्या बालकास मिळालेला गृहशिक्षणाचा अधिकार आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम हे टप्पे आले. शेवटच्या अधिनियमाने दिव्यांगतेचे प्रकार ७ वरून २१ केले. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. मात्र शिक्षणाचा हक्क वयाच्या सहाव्या वर्षी सुरू होतो, तर विकासातील विलंबावर उपचार पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक परिणामकारक ठरतात. ही मधली वर्षे शाळेतील विशेष शिक्षकाच्या कक्षेबाहेर राहतात.

६. एकवेळचा उपचार आणि पुनःपुन्हा लागणारा उपचार

उपरोक्त घडामोडींचा एकत्रित विचार केला असता एक भेद ठळकपणे पुढे येतो. जन्मजात हृदयविकार किंवा दुभंगलेला ओठ असलेल्या बालकाची तपासणी पथकाने नोंद केली, की शस्त्रक्रियेचा खर्च शासकीय योजनांतून भागू शकतो. कुटुंबास काही फेऱ्या कराव्या लागतात. पण उपचारास शेवट असतो. जन्मतः वाकड्या पायाच्या उपचारात आठवड्यागणिक पाच-सहा वेळा प्लास्टर बदलावे लागते व नंतर काही वर्षे विशेष बूट वापरावे लागतात. मेंदूचा पक्षाघात असलेल्या बालकाच्या उपचारास तर असा शेवटच नसतो.

आठवड्यातून एकदा भौतिकोपचारासाठी पुण्यास जायचे ठरविले, तर जाऊन-येऊन सुमारे ११० किलोमीटरच्या हिशेबाने वर्षाकाठी ५,७०० किलोमीटरांहून अधिक प्रवास होतो. आईचे वर्षातील ५२ दिवस त्यात जातात. भातलावणीच्या दिवसांत हे दिवस काढणे म्हणजे मजुरीवर पाणी सोडणे होय. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी. प्रवासात ५० टक्के सवलत मिळू लागल्याने तिकिटाचा भार हलका झाला. बुडालेल्या मजुरीचा भार कायम राहिला. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपासारख्या प्रसंगी तर हा मार्गही खुंटतो. उपचारात खंड पडला की स्नायू आखडतात, सांधे ताठरतात आणि मिळविलेली प्रगती ओसरते. पालकांची 'उदासीनता' म्हणून जिची नोंद होते, ती पुष्कळदा अंतराने लादलेली माघार असते.

आर्थिक साधनांचीही अशीच स्थिती आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून त्यात नियमित उपचारांचाही समावेश आहे. परंतु आधी खर्च व नंतर प्रतिपूर्ती ही पद्धत हातात रोकड नसलेल्या कुटुंबास अडचणीची ठरते. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा पूर्वी ३ टक्के व नंतर ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा नियम आहे. पाचशे वस्तीच्या ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्नच तुटपुंजे असल्याने त्याच्या ५ टक्क्यांतून एका बालकाचाही वर्षभराचा उपचार होणे अवघड आहे. पुण्यालगतच्या मोठ्या ग्रामपंचायतीत हाच नियम लक्षणीय रक्कम उभी करतो. समान टक्केवारीतून असमान सेवा निर्माण होते, ती अशी.

७. निष्कर्ष

१. शंभर वर्षांहून अधिक काळात या भागातील बालकाची नोंद जनगणनेच्या तक्त्यातून तपासणी पथकाच्या नोंदवहीपर्यंत आली. ही प्रगती खरी आहे. परंतु नोंदीनंतरचा नियमित उपचार त्या गतीने गावाकडे आला नाही.

२. लोकसंख्येवर आधारित निकष विरळ वस्तीच्या डोंगरी तालुक्यास अपुरे पडतात. विशेष गरजा असणाऱ्या बालकांच्या सेवेसाठी अंतर व प्रवासाचा वेळ हे निकष मानणे आवश्यक आहे.

३. भोर येथील उपजिल्हा रुग्णालयात व वेल्हे येथील ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातील ठराविक दिवशी, शक्यतो बाजाराच्या दिवशी, भौतिकोपचार व वाचा-उपचाराची नियमित सोय झाल्यास कुटुंबाचा प्रवास मोठ्या प्रमाणात कमी होईल.

४. ग्रामपंचायतींचा ५ टक्के निधी तालुकास्तरावर एकत्रित करण्याचा मार्ग शोधल्यास लहान गावांतील बालकांनाही त्याचा लाभ मिळू शकेल.

५. रोजचा व्यायाम, भरविणे, बसविणे, बोलते करणे ही कामे अखेर घरातच होतात. म्हणून आईवडिलांचे प्रशिक्षण ही उपचाराची पुरवणी नसून त्याचा गाभा आहे. 'आशा' कार्यकर्तीच्या गृहभेटी हा त्यासाठीचा उपलब्ध दुवा होय.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतील कुटुंबांनी आपल्या बालकांचा सांभाळ कोणत्याही योजनेच्या आधीपासून केला आहे. आरोग्यव्यवस्थेच्या इतिहासात या श्रमांची नोंद झालेली नाही. पुढील नियोजन करताना कुटुंब हे केवळ लाभार्थी नसून या बालकांचे सर्वांत जुने व सर्वांत जवळचे आरोग्यसाधन आहे, हे ध्यानात घेतले जाणे अगत्याचे आहे. त्या साधनास बळ देणे हीच या क्षेत्रातील धोरणाची खरी कसोटी ठरेल.