दंडाची बेडकुळी आणि हस्तिदंती सांगाडा

कुंभकोणमहून मन्नारगुडीकडे निघालेला रस्ता अरसलार नदी ओलांडतो आणि थोड्याच अंतरावर साक्कोट्टै नावाचे गाव लागते. तेथे अमृतकलशनाथाचे पुरातन शिवालय आहे. दक्षिण भारताच्या इतिहासाचे थोर संशोधक एस. कृष्णस्वामी अय्यंगार यांचा जन्म १८७१ साली याच गावी झाला. मराठी माणसालाही हा मुलूख अगदीच परका नाही. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला मराठी गादी स्थापन केली. तेव्हापासून १८५५ साली ती खालसा होईपर्यंत कावेरीच्या या सुपीक प्रदेशावर भोसल्यांचे नाव होते, आणि त्या दरबाराचे पुष्कळसे कागद मोडी लिपीत, मराठी भाषेत लिहिले गेले.

गावाच्या सभोवार भाताची शेते आहेत. लावणीचे यंत्र आता आले असले, तरी पोटरीभर चिखलात ओळीने उभ्या राहून रोपे लावणाऱ्या बायका अजूनही दिसतात. कमरेत वाकलेली ती ओळ पाठमोरी पुढे सरकत असते. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताची बोटे क्षणोक्षणी चिखलात जाऊन बाहेर येणारी. पाहणाऱ्याला वाटते की काम काय ते हाताचे. वास्तविक सर्वांत मोठा भार पाठीच्या कण्यालगतचे आणि मांड्यांच्या मागच्या बाजूचे स्नायू वाहत असतात. त्यांची हालचाल दिसत नाही, कारण त्यांचे काम हलण्याचे नसून शरीराला पुढे कोसळू न देण्याचे आहे. असा न हलता ताणलेला स्नायू आतल्या रक्तवाहिन्यांना दाबून धरतो, त्याला रक्त कमी मिळते, आणि म्हणून चालत्या माणसापेक्षा वाकून थांबलेला माणूस लवकर थकतो. भरतनाट्यम् करणाऱ्या नर्तकीला गुडघे वाकवून अर्धवट बसलेली अवस्था सांभाळावी लागते. तिला तमिळमध्ये ‘अरैमंडि’ म्हणतात. त्या वेळी मांडीच्या पुढच्या स्नायूंची जी परीक्षा होते ती याच जातीची. कुंभकोणमच्या शार्ङ्गपाणि मंदिराच्या गोपुरावर नृत्यातील करणे कोरलेली आहेत. ती पाहताना शिल्पींनी देहाच्या तोलाचा केवढा बारकाईने विचार केला होता, हे ध्यानात येते.

स्नायूविषयी पहिली गोष्ट ही की त्याला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. कोपर वाकवणारा स्नायू दंडाच्या पुढे, तर तो सरळ करणारा मागे. एक आखडू लागला की दुसऱ्याने सैल व्हायचे. देहात अशा जोड्यांची रेलचेल आहे. सांगाड्याला जोडलेले हे स्नायू सहाशेहून अधिक आहेत आणि प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे चाळीस टक्के भाग त्यांचाच असतो. आतडी व रक्तवाहिन्या यांच्या भिंतींतील स्नायू निराळे. ते आपल्या इच्छेची वाट पाहत नाहीत. हृदयाचा स्नायू तिसऱ्या प्रकारचा. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा तो आखडतो, आणि दोन ठोक्यांच्या मधला काळ एवढीच त्याची विश्रांती.

दंड वाकवला की जो गोळा वर येतो त्याला मराठीत बेडकुळी म्हणतात. हे बेडकाचेच लाडके नाव. लॅटिन भाषिकांना त्याच ठिकाणी उंदराचे पिल्लू दिसले, आणि युरोपीय भाषांतले स्नायूचे नाव त्या पिल्लावरून पडले. शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर मराठीचा अंदाज अधिक नेमका ठरला, कारण स्नायूचे रहस्य पुढे उलगडले ते बेडकाच्याच पायात! शब्दांच्या बाबतीत मात्र मराठीने एक घोटाळा करून ठेवला आहे. सुश्रुतसंहितेत मांसाच्या गोळ्याला ‘पेशी’ म्हटले असून ‘स्नायु’ हा शब्द सांधे बांधणाऱ्या चिवट बंधांसाठी योजला आहे. आज आपण मांसल भागाला स्नायू म्हणतो आणि पेशी हे नाव देहाच्या सूक्ष्मतम घटकाला दिले आहे. जुना ग्रंथ उघडणाऱ्याने हा फेर लक्षात ठेवला नाही, तर सगळा हिशेब चुकतो.

सुश्रुतसंहितेत पेशींची संख्या पाचशे सांगितली आहे: हातापायांत चारशे, धडात सहासष्ट आणि मानेपासून वर चौतीस. ही संख्या आजच्या गणतीशी जुळत नाही, आणि ती ओढूनताणून जुळवण्यात अर्थही नाही. महत्त्वाची आहे ती पाहण्याची रीत. विषबाधेने किंवा दीर्घ आजाराने न मेलेल्या माणसाचे प्रेत घ्यावे, ते मुंज, कुश यांसारख्या गवतात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावे, वाहत्या नदीत आडबाजूला सात रात्री राहू द्यावे, आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतले एकेक अंग डोळ्यांनी पाहावे, असा तेथे आदेश आहे. शास्त्र वाचले आणि देह पाहिला, या दोहोंनी ज्ञान वाढते, अशी ग्रंथकाराची धारणा होती. पुढील शतकांत मात्र ग्रंथ पाठ होत राहिला आणि देह दूर पडला. प्रेताचा विटाळ मोठा ठरला.

या पार्श्वभूमीवर तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांची हकीकत वाचली पाहिजे. १७७७ साली जन्मलेल्या या राजपुत्राचे शिक्षण जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली झाले. १७९८ मध्ये गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. हातात उरला तो किल्ला, नेमणुकीची रक्कम आणि मोकळा वेळ. अशा स्थितीत सापडलेल्या संस्थानिकांनी पुढे काय केले, हे सर्वश्रुत आहे. सरफोजींनी ग्रंथ जमवले, देवनागरी छापखाना काढला आणि त्यात १८०६ साली इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक ‘बालबोधमुक्तावली’ छापून घेतले. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींचा अभ्यास चाले. तेथील अनुभवसिद्ध उपाय तमिळ पद्यात गोवून ‘शरभेंद्र वैद्य मुरै’ ही ग्रंथमाला सिद्ध झाली. नेत्ररोग्यांची तर सचित्र टिपणे ठेवली गेली आणि सरस्वती महाल ग्रंथालयात ती आजही आहेत.

राजांना शरीररचनाशास्त्र शिकावयाचे होते. त्यासाठी सांगाडा हवा. पण मृताच्या अस्थी राजवाड्यात आणणे धर्माचाराला मानवणारे नव्हते. तेव्हा त्यांनी इंग्लंडहून हस्तिदंती सांगाडा मागवण्याचा घाट घातला. ही गोष्ट सांगताना काही लेखकांच्या ओठांवर हसू येते. ते अनाठायी आहे. विटाळ टाळून ज्ञान मिळवण्याची ही युक्ती म्हणजे आपल्या समाजात राहून त्याच्या पुढे पाऊल टाकण्याचा प्रयत्न होता. प्रेताविषयीचा संकोच काही हिंदुस्थानापुरता नव्हता. १८२८ साली एडिंबरोमध्ये दोन इसमांनी सोळा खून केले, ते शरीरशास्त्राच्या शिक्षकाला प्रेते विकता यावीत म्हणून! त्यानंतरच ब्रिटिश पार्लमेंटने प्रेते रीतसर मिळण्याचा कायदा केला, तो १८३२ साली. सरफोजीराजांचे निधन त्याच वर्षी झाले. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले ते आणखी चार वर्षांनी.

तरीही त्या सांगाड्याची मर्यादा मान्य केलीच पाहिजे. हस्तिदंतात हाडांचा आकार उतरतो, सांध्यांची ठेवण उतरते. पण जे हाडांना हलवते, थकते, दुखते आणि वाळते ते त्यात येत नाही. बेडकुळी पाहायची तर मांसालाच हात घालावा लागतो.

तो हात युरोपात बेडकाच्या मांडीला घातला गेला. आखडताना स्नायू फुगतो, तेव्हा त्यात मेंदूकडून एखादा वायू किंवा रस येऊन भरत असावा, अशी प्राचीन समजूत होती. सतराव्या शतकात हॉलंडच्या स्वामरडाम याने बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत बंद केला आणि नळीच्या निमुळत्या तोंडात पाण्याचा थेंब ठेवला. स्नायू आखडला, पण थेंब वर चढला नाही. आत काही भरत नव्हते. स्नायू नुसताच आकार बदलत होता. इटलीच्या गॅल्व्हानीने १७९१ साली बेडकाच्या पायांवरील आपले विजेचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि मज्जातंतूंतून येणारा निरोप विजेच्या जातीचा असावा, ही कल्पना रुजली. लाव्हाझिएने आपल्या सहकाऱ्याला नळीतून श्वास घ्यावयास लावून दाखवून दिले की माणूस कष्ट करू लागला म्हणजे प्राणवायू अधिक खर्च होतो. देहात एक प्रकारचे मंद ज्वलन चाललेले असते. १८२६ च्या मार्चमध्ये तंजावरला आलेल्या बिशप हेबरने लिहून ठेवले आहे की सरफोजीराजे लाव्हाझिए आणि बफाँ यांची वचने अस्खलित उद्धृत करीत. मांसापर्यंत राजांचा हात पोहोचला नाही, पण त्यांची जिज्ञासा त्याच्या आसपास घोटाळत होती खरी.

ज्वलनाची शक्ती स्नायूच्या हाती कोणत्या रूपाने लागते, याचे उत्तर मिळण्यात दक्षिणेच्याच एका सुपुत्राचा वाटा आहे. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे भीमवरमचे. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्यावर त्यांनी तेथीलच आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवले. १९२३ साली ते बोस्टनला गेले आणि १९२७ मध्ये फिस्के यांच्यासह त्यांनी स्नायूतील फॉस्फोक्रिएटिन हे द्रव्य उजेडात आणले. हे द्रव्य म्हणजे घाईच्या वेळी उपयोगी पडणारी गंगाजळी. प्रत्यक्ष चलन निराळे. त्याचे नाव एटीपी. त्याचा शोध १९२९ साली जर्मनीत लोमान यांना आणि स्वतंत्रपणे फिस्के-सुब्बाराव या जोडीला लागला. सुश्रुताची परंपरा सांगणाऱ्या विद्यालयातील शिक्षकाने पेशीच्या शक्तीचा ठाव लावावा, हा योगायोग असला तरी मोठा गोड आहे.

उरलेला प्रश्न होता तो आखडण्याच्या यंत्राचा. १९५४ साली दोन निरनिराळ्या जोड्यांनी एकाच वेळी त्याचे उत्तर दिले: अँड्र्यू हक्सले व नीडरगेर्के, आणि ह्यू हक्सले व जीन हॅन्सन. स्नायूच्या तंतूत जाड आणि बारीक अशा दोन प्रकारच्या सूत्रांच्या रांगा असतात. सूत्रे स्वतः आखूड होत नाहीत. ती एकमेकींत सरकतात, एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांत सरकावीत तशी. जाड सूत्रावरील सूक्ष्म शिरे बारीक सूत्राला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा पकडतात. मज्जातंतूचा निरोप आला की कॅल्शियम सुटते आणि ही ओढाताण सुरू होते. मौज अशी की पकड सोडण्यासाठीही एटीपी लागतो. मृत्यूनंतर तो संपतो, पकड सुटत नाही, आणि देह ताठरतो.

आता रोजच्या तक्रारींकडे वळू. लावणीच्या पहिल्या दिवसानंतर अंग दुखते, ते त्याच रात्री फारसे नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. सवय नसलेल्या कामाने तंतूंत सूक्ष्म इजा होते आणि तिची दुरुस्ती चालू असताना हे दुखणे जाणवते. स्नायूत साचलेले आम्ल हे त्याचे कारण म्हणून वर्षानुवर्षे सांगितले गेले. ते आम्ल तर तास-दोन तासांतच निघून जाते. पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू अनाहूत आखडलेला असतो, आणि पाऊल आपल्याकडे ओढून त्याला ताण दिला की बहुधा तो सुटतो. उसण भरणे, मान अवघडणे, लचक भरणे या पीडांची जुन्या ग्रंथांत वातव्याधींमध्ये गणना झाली आहे. धनुर्वाताचे तर नावच तेथून आले. त्याचे मूळ मात्र जखमेतून शिरणाऱ्या जंतूच्या विषात आहे, आणि लस हा त्यावरचा प्रतिबंध आहे.

काही विकार असे की ज्यांत स्नायू निर्दोष असूनही लुळा पडतो. पोलिओत मज्जापेशी नष्ट होतात, निरोप येत नाही आणि पाय वाळतो. भारतात या रोगाचा नैसर्गिक विषाणूमुळे झालेला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, आणि २०१४ साली हा प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. मायस्थेनियामध्ये निरोप येतो, पण स्नायूच्या दाराशी अडतो. सकाळी उघडी असलेली पापणी संध्याकाळी मिटू लागते. १९३४ साली मेरी वॉकर या डॉक्टरांनी त्यावर पहिले परिणामकारक औषध वापरून दाखवले. ड्यूशेनच्या विकारात दोष खुद्द स्नायूतच असतो. तो बहुतेक मुलग्यांनाच होतो. खाली बसलेले मूल उठताना आपल्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर चढते. कुणी आळशी म्हणते, कुणी हट्टी म्हणते, आणि मोलाचा काळ निघून जातो. हा विकार मुळापासून बरा करणारे औषध अद्याप हाती नाही; पण वेळीच ओळखला तर औषधांनी आणि व्यायामोपचारांनी चालण्याची काही वर्षे वाढवता येतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या ड्यूशेनने या मुलांच्या स्नायूचा कणभर तुकडा जिवंतपणीच काढून पाहता यावा म्हणून एक खास सुई बनवली होती.

तंजावरला १९५९ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कावेरीकाठच्या मुला-मुलींना तेव्हापासून शरीररचना शिकण्यासाठी मद्रास गाठावे लागत नाही, आणि त्यांचा सांगाडा हस्तिदंती नसतो.