कुमुद : तळ्यातील रानटी कमळांची ओळख

निंफिया प्रजातीतील पाणवनस्पती. कंद गाळात, पाने पाण्यावर तरंगणारी, फूल लांब देठावर एकेकटे. गावाकडे तिलाही सरसकट कमळच म्हणतात. त्या एका नावाखाली खरे कमळ, कुमुद आणि कुमुदिनी अशा तीन वेगळ्या वनस्पती येतात आणि नोंदींतले बरेचसे घोळ इथेच सुरू होतात. गौरी-गणपतीत कमळ म्हणून घरी येणारे फूलही अनेकदा कुमुदाचेच असते. रहिमतपूर (ता. कोरेगाव, जि. सातारा) आणि कृष्णाकाठाने खाली सांगलीपर्यंतच्या गावतळ्यांत, पाझर तलावांत वा पाणी धरून राहिलेल्या जुन्या खाणींत अशी वनस्पती दिसली, तर रंगावरून नाव ठरवू नये. आधी पान पाहावे, मग घड्याळ.

तिघींचे दिसणे सारखे असले तरी त्यांचे नाते फार लांबचे आहे. कुमुद निंफिएसी कुलातले; सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षात अगदी बुडाशी फुटलेल्या शाखांपैकी ही एक. खरे कमळ (नेलुंबो न्यूसिफेरा) निलंबोनेसी कुलातले असून प्रोटिएलीस गणात मोडते. पाचगणीच्या रस्त्याकडेचा सिल्व्हर ओक त्याच गणातला. कुमुदिनी (निंफॉइड्स) मेनिअँथेसी कुलातली, म्हणजे सूर्यफूल आणि झेंडू ज्या गणात येतात त्या गणातली. तरंगते गोल पान ही स्थिर पाण्यात राहण्याची सोय आहे, आणि ती या तिघींनी स्वतंत्रपणे साधली आहे. म्हणूनच लांबून पाहून केलेली ओळख फसते.

कमळ वेगळे काढणे सोपे. त्याच्या पानाला खाच नसते. देठ पानाच्या मधोमध जोडलेला, काटेरी खरखरीत असतो आणि वाढलेली पाने छत्रीसारखी पाण्याच्या वर उभी राहतात. पानावर पाणी टाकले की थेंब गोळा होऊन घरंगळतात. कोवळी पहिली पाने मात्र पाण्यावरच तरंगतात. अशा वेळी खाच आहे की नाही एवढेच पाहावे. कुमुदाच्या पानाला कडेपासून देठापर्यंत खोल खाच असते आणि पान पाण्याला टेकलेले असते. फळांतही गोंधळ उरत नाही. कमळाचे भोकाभोकांचे कमळकाकडीचे बोंड पाण्यावर ताठ राहते. कुमुदाचे फूल फळल्यावर देठ आखडतो आणि फळ पाण्याखाली जाऊन पिकते. त्यातल्या बारीक बियांवर हवा धरणारे पातळ आवरण असते, त्यामुळे त्या काही काळ तरंगत दूर जातात आणि मग बुडून गाळात रुजतात.

महाराष्ट्रात रानटी कुमुदाच्या दोन जाती मुख्यत्वे भेटतात. दिवसा फुलणारी निंफिया नौचाली आणि रात्री फुलणारी निंफिया प्यूबेसेन्स. जुन्या वनस्पतिग्रंथांत पहिलीचे नाव निंफिया स्टेलाटा आणि दुसरीचे निंफिया लोटस असे आढळते. त्यातले लोटस हे नाव वाचून कमळ समजण्याची चूक सहज होते. निळे कुमुद म्हणून ओळखली जाणारी नौचाली निळीच असते असे नाही. फिकट जांभळी, गुलाबीसर आणि शुभ्र फुलेही याच जातीत येतात. प्यूबेसेन्स बहुधा पांढरी, कधी गुलाबी छटेची. तळ्यात पांढरे फूल दिसले म्हणजे रातफुली जात, हा ठोकताळा त्यामुळे टिकत नाही.

पान उलटे करणे हाच खरा उपाय. काठावरूनच आकडी लावलेल्या काठीने एक पान जवळ ओढावे. नौचालीची खालची बाजू गुळगुळीत, बहुधा जांभळट असते आणि कडा सपाट किंवा हलकी वेडीवाकडी. प्यूबेसेन्सची खालची बाजू लवदार. बोट फिरवले की मखमलीसारखी लागते, शिरा ठसठशीत उठून आलेल्या दिसतात आणि कडेला टोकदार दाते असतात. फूल हाताशी आले तर पुंकेसरांची टोके पाहावीत. नौचालीत परागकोशाच्या वर पाकळीच्या रंगाची छोटी जीभ पुढे आलेली असते. प्यूबेसेन्समध्ये ती नसते. भिंग नसले तरी चालते, कारण ही जीभ साध्या डोळ्यांना दिसते. दोन्हींत निदले चार असतात, आणि तेवढ्यावरून ही निंफिया आहे इतकेच कळते.

वेळेचे गणितही नीट मांडायला हवे. नौचाली सकाळी उघडते, दुपार कलली की मिटते आणि असे काही दिवस चालते. प्यूबेसेन्स सूर्यास्तानंतर उघडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बऱ्याच उशिरापर्यंत उघडीच राहते. म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास तळ्यावर गेल्यास दोन्ही फुललेल्या दिसू शकतात, आणि नेमके त्याच वेळी बहुतेक फोटो काढले जातात. भर दुपारचे निरीक्षण अधिक खात्रीचे. ढगाळ हवेत मात्र वेळ मागेपुढे होते. चंद्रोदयाला फुलणारे कुमुद हा आपल्या जुन्या साहित्यातला संकेत रातफुल्या जातीच्या बाबतीत निरीक्षणालाही धरून आहे. गडद लाल फुलांचे, तांबूस पानांचे रक्तकमळ (निंफिया रुब्रा) हेही रातफुलेच. ते मंदिरांच्या कुंडांत आणि बागांत आवर्जून लावले जाते, त्यामुळे गावाजवळच्या पाण्यात ते दिसले तर रानटी म्हणण्याची घाई करू नये.

नौचालीच्या फुलात पहिल्या दिवशी डोकावले तर मध्यभागी द्रवाने भरलेली वाटी दिसते. त्या दिवशी फूल केवळ मादीचे काम करते. परागकण अंगावर घेऊन आलेली माशी त्यात घसरते, अंगावरचे पराग धुऊन निघतात आणि कधी कधी ती बुडूनही मरते. दुसऱ्या दिवशी वाटी कोरडी होते आणि पुंकेसर पराग सोडू लागतात. एकाच तळ्यातली दोन फुले आतून वेगळी दिसण्याचे कारण बहुधा हे वय असते, जात नव्हे.

कुमुदिनीची ओळख फुलाच्या जागेवरून पटते. कुमुदाचे फूल गाळातल्या कंदावरून स्वतंत्र देठावर येते. कुमुदिनीचे फूल पानाच्या अगदी खालून, त्याच दांड्यावरून फुटते, म्हणून पान अलगद ओढले की फुलेही सोबत येतात. निंफॉइड्स इंडिकाचे फूल पांढरे, गळ्याशी पिवळे, बोटाच्या पेरापेक्षा फारसे मोठे नाही आणि पाकळ्यांवर दाट पांढरी झालर. निंफॉइड्स हायड्रोफायलाला ही झालर नसते. पाकळीच्या मधोमध उभी पडद्यासारखी घडी असते. यांतल्या झालरवाल्या कुमुदिनीचे सातारा जिल्ह्यातले प्रसिद्ध ठिकाण म्हणजे २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या कास पठारावरचे कुमुदिनी तळे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते या फुलांनी भरते. तिथले फोटो कमळ म्हणून फिरतात, तेव्हा झालर पाहिली तरी पुरे.

कासच्याच उथळ पाण्यात वायतुरा (अपोनोजेटॉन सातारेन्सिस) उगवतो. १९८२ साली शास्त्रीय वर्णन झालेल्या या जातीच्या नावातच सातारा आहे. त्याचा दुभंगलेला तुरा एकदा पाहिला की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. शिंगाड्याची पाने चौकटच्या आकाराची, चक्राकार मांडलेली आणि पाकळ्या चार. ऑटेलियाची रुंद पाने पाण्याखाली असतात, पाकळ्या तीन. फुगीर देठांची, जांभळ्या तुऱ्यांची जलपर्णी मुळे गाळात न रोवता पाण्यावर मोकळी फिरते.

रहिमतपूरचा पट्टा पर्जन्यछायेकडे झुकलेला, त्यामुळे लहान तळी उन्हाळ्यात आटतात. तरीही कुमुद तग धरते, कारण भेगाळलेल्या गाळाखाली कंद जिवंत राहतो आणि पावसाळ्यानंतर पुन्हा पाने वर येतात. हे कंद आणि भाजलेल्या बिया माणसांनी पूर्वापार खाल्ल्या आहेत. मखाणा मात्र कुमुदाचा नव्हे. तो याच कुलातल्या युरियाले फेरॉक्सचा, प्रामुख्याने बिहारमध्ये होणारा. तळ्याचा गाळ मुळापर्यंत उपसला की कंदही मातीबरोबर शेतात जातात आणि पुढच्या वर्षी तळे रिकामे दिसते. गाळ काढायलाच हवा, पण एक कड राखली तर दोन्ही साधते. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात गाळच नसल्याने कुमुद आपोआप येत नाही. तिथे दिसणारे कुमुद बहुतेक कुंडीसकट सोडलेले असते.

मोठे पिवळे फूल दिसले तर ते रोपवाटिकेतून आलेले समजावे. महाराष्ट्रात पिवळ्या फुलांचे रानटी निंफिया नाही. संकरित वाणांत पाकळ्यांची दाटी जास्त असते आणि पानांवर तपकिरी-जांभळे ठिपके बऱ्याचदा असतात. अशा रोपांच्या नोंदीत गाव, महिना आणि निरीक्षणाची वेळ यांच्याबरोबर जवळ बाग, मंदिर वा रोपवाटिका आहे का, हेही लिहावे. फोटो तीन हवेत: पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू आणि फुलाचा आतला भाग. पाण्यात उतरू नये. गाळ खोल असतो आणि देठ पायांत गुंततात.