दिव्याकडून पानाकडे : पतंगांच्या ओळखीचा इतिहास

मराठी वाचकाला पतंग भेटतो तो बहुधा मरताना. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपाच्या मुखात शिरणाऱ्या योद्ध्यांना ज्योतीत झेपावणाऱ्या पतंगांची उपमा आहे, त्यामुळे ज्ञानेश्वरीतही तो त्याच प्रसंगी येतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांतला एक पतंग. रूपाला भुलून जळतो, म्हणून गुरू. काय करू नये हे शिकवणारा. एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत याच स्कंधावरची टीका पूर्ण केली आणि हा पतंग मराठी कीर्तनात रुजला. पुढे फार्सी-उर्दू गझलेतल्या शमा-परवान्याने त्याला प्रियकर केले. संताने मूर्ख म्हटले, शायराने आशिक म्हटले. दोघांच्याही नजरेपुढे होते ते त्याच्या आयुष्यातले शेवटचे काही क्षण.

त्या आधीचे आयुष्य? तेही परंपरेने पाहिले होते, पण वेगळ्याच नावाने. चोवीस गुरूंतच शेवटी कुंभारीण आणि तिने कोंडलेला कीटक येतो. कुंभारीण मातीचे घर करते, त्यात अळी कोंडते. अळी भीतीने तिचेच ध्यान करते आणि शेवटी कुंभारीण होऊनच बाहेर पडते. भृंगी-कीटकाचा हा दृष्टांत आपल्याकडे अगणित वेळा सांगितला गेला आहे. निरीक्षण अर्धे अचूक आहे. मातीची मडकी करणाऱ्या या गांधीलमाश्या खरोखरच अळ्या डंखाने बधिर करून आत कोंबतात, आणि त्या अळ्या पुष्कळदा पतंगांच्याच असतात. मात्र कुंभारणीच्या अंड्यातून निघालेले पिल्लू त्या जिवंत अळीवर पोसते आणि बाहेर पडते ते तेच. म्हणजे आपल्या सर्वांत लाडक्या मोक्षदृष्टान्तात एक पतंग व्हायचा राहून गेला आहे. दृष्टांत खोटा ठरला म्हणून अध्यात्म खोटे ठरत नाही. पण दिव्यावरचा पतंग आणि घरट्यातली अळी हा एकच जीव, हे नाते मात्र या वाटेने कधी जुळले नाही.

ते जुळले होते ते जंगलात काम करणाऱ्यांच्या हाती. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवणारे ढिवर समाजातले लोक झाडावर अळ्या सोडतात, पाखरांपासून त्यांची राखण करतात, पाने संपली की त्यांना दुसऱ्या झाडावर नेतात आणि कोसा उतरवतात. पुढच्या पिकासाठी ठेवलेल्या कोषांतून पतंग निघतो. त्याला खाण्यासाठी तोंडच नसते, चार-दोन दिवसांत जोडीदार शोधून अंडी घालायची एवढेच त्याचे काम. अळी, पान, कोष, पतंग हा फेरा ज्यांच्या पोटापाण्याचा होता त्यांना तो ठाऊक होता. फक्त त्यांचे ज्ञान पोथीत गेले नाही.

छापील कागदावर हा फेरा आणण्याचे काम मुंबई इलाख्यात, कारवारला झाले. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत दोन मराठी माणसे होती, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन हे वनस्पतींचे जाणकार; रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून आज त्यांचे नाव अधिक निघते. उरलेल्यांत एक एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. याचा जन्म १८५१ चा, साताऱ्याचा. डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकवून तो मीठ आणि जकात खात्यात गेला आणि उरण, रत्नागिरी, गोव्याची हद्द, उत्तर कानडा असा फिरत राहिला. ‘ईहा’ या सहीने त्याने लिहिलेले विनोदी निसर्गलेख तेव्हा घरोघर वाचले जात. घरातल्या पाली, मुंग्या, कावळे यांना तो सरहद्दीवरच्या टोळ्या म्हणे. इंग्रज साहेबाचा तोरा त्यात आहेच, पण इतक्या जवळून पाहणारा डोळा त्या काळात दुर्मीळ होता.

उत्तर कानडा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथे एटकिनला दोन साथीदार मिळाले, सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन आणि जंगल खात्यातला तरुण आयरिश टी. आर. बेल. १८९० मध्ये एटकिन आणि डेव्हिडसन यांनी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या आणि कोष यांवर टिपणे छापली. शीर्षकातच अळी आहे. पंख टाचून ठेवण्याच्या त्या युगात ही मोठीच कलाटणी होती.

फरक कळण्यासाठी शेजारी दुसरे पुस्तक ठेवावे. १८९२ ते १८९६ या काळात जॉर्ज हॅम्पसनचे ब्रिटिश हिंदुस्थानातील पतंगांवरचे चार खंड लंडनहून निघाले. हॅम्पसन पूर्वी निलगिरीत चहाचा मळेवाला होता. त्याचे काम प्रचंड आहे; आजही भारतीय पतंगांचा अभ्यास करणाऱ्याला त्याच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. पण तो मुख्यतः संग्रहालयातल्या वाळलेल्या नमुन्यांवर, पंखांतल्या शिरा मोजून केलेला आहे. त्यातून पतंगाचे नाव कळते, घर कळत नाही.

घर शोधले बेलने. १९२० मध्ये निवृत्त झाल्यावर तो मायदेशी गेला नाही. कारवारलाच राहिला आणि १९४८ मध्ये तिथेच वारला. मेजर एफ. बी. स्कॉट यांच्याबरोबर त्याने लिहिलेला रुईपाखरांचा, म्हणजे जोरकस, भिरभिरत उडणाऱ्या मोठ्या पतंगांचा खंड १९३७ मध्ये आला. (शास्त्रातले नाव स्फिंजिडी, ‘रुईपाखरू’ हे नाव मी सोयीसाठी वापरतो आहे, कारण मराठीत याला सर्वमान्य नाव नाही, ही लाजेचीच गोष्ट आहे.) या खंडात अळी कोणत्या झाडावर असते, पानाच्या कोणत्या बाजूला बसते, रंग कसा बदलते, कोष कुठे करते, हे बारकाईने दिलेले आहे. अळ्या पाळल्याशिवाय असे लिहिता येत नाही.

आणि गंमत अशी की त्यांतली कितीतरी झाडे आपल्या परसातली आहेत. तगर, कण्हेर आणि सदाफुली या तिन्हींवर एकाच पतंगाची अळी वाढते. हिरवीगार, बोटाएवढी, डोक्यामागे निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके; डिवचले की ती मान आखडून ते ठिपके फुगवते. कण्हेरीला शेळीही तोंड लावत नाही इतकी ती विषारी, ही अळी तिच्यावरच पोसते. तिचा पतंग हिरव्या-गुलाबी संगमरवरासारखा दिसतो. अनंतावर आणखी एक असतो, काचेसारख्या पारदर्शक पंखांचा. तो दिवसाच फुलांवर घोंघावतो आणि बघणाऱ्याला भुंगा वाटतो.

कारवारला हे चालू असताना पतंगाकडे पाहण्याची दुसरी नजर घडत होती, आणि सत्ता तिच्या हाती गेली. १८४३ मध्ये सॉन्डर्स या इंग्रज कीटकतज्ज्ञाने कापसाची नासाडी करणाऱ्या एका इवल्या पतंगाचे वर्णन प्रसिद्ध केले. नमुने हिंदुस्थानातल्या कापसावरचे होते. तीच आजची गुलाबी बोंडअळी. विदर्भातल्या शेतकऱ्यापुढे पतंगांचे कौतुक करायचे तर आधी या अळीचा हिशेब द्यावा लागतो. २०१८ मध्ये आलेल्या अमेरिकन लष्करी अळीने मक्याचे काय केले, तेही ताजे आहे. शेतीचे हे दुःख खरे होते, म्हणून पुसा येथे सरकारने कीटकतज्ज्ञ नेमले. तिथल्या मॅक्सवेल लेफ्रॉयचे हिंदुस्थानी कीटकांवरचे जाडजूड पुस्तक १९०९ चे. माणूस कर्तबगार. पुढे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात प्राध्यापक झाला आणि १९२५ मध्ये, माश्या मारण्यासाठी तयार करत असलेल्या विषारी वायूनेच प्रयोगशाळेत गुदमरून गेला.

माझी तक्रार पुसाच्या नजरेबद्दल नाही, ती शेताबाहेर पसरली याबद्दल आहे. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत, फुलपाखरांच्या जेमतेम तेराशे-चौदाशे. त्या दहा हजारांतल्या फारच थोड्या पिकांवर जातात. तरी बंगल्याच्या कुंडीतल्या तगरीवर अळी दिसली की माळी बोंडअळीवरचेच औषध फवारतो. २०१५ मध्ये महाराष्ट्राने निलवंत हे राज्य फुलपाखरू ठरवले, तेव्हा आनंद झाला. बागांतून फुलपाखरांसाठी मधाच्या फुलझाडांचे वाफे आले. पण अळीसाठी पाने ठेवायची म्हणजे ती खाल्ली जाऊ द्यायची, हे अजून गळी उतरत नाही. भोके पडलेले पान आपल्याला रोगट दिसते. शिंपी, चिरक, दयाळ यांची पिल्ले त्या अळ्यांवरच वाढतात, हे त्या भोकाकडे पाहताना आठवत नाही.

दिव्याचे कोडेही एवढ्यात बरेच उलगडले. चंद्राच्या रोखाने उडणारा पतंग दिव्याला चंद्र समजतो, असे अनेक वर्षे सांगितले जाई. २०२४ मध्ये इम्पिरियल कॉलेजच्याच सॅम फॅबियन आणि सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवले की उडणारे कीटक उजेडाकडे पाठ करतात. रात्री उजेड म्हणजे आकाश, आणि आकाश पाठीवर ठेवले की अंग सरळ राहते, ही फार जुनी सवय आहे. दिवा बाजूला किंवा खाली आला की ते त्याच्याकडे पाठ वळवत गिरक्या घेत राहतात, कधी उलटे होऊन पडतात. ना मोह, ना प्रीती. तोल गेला एवढेच. विशेष म्हणजे त्या प्रयोगांत अशी पाठ न फिरवणाऱ्या अपवादांत एक आपला तगरीवरचा पतंग होता.

बागेत करायचे ते यातूनच निघते आणि फारसे खर्चिक नाही. अंगणातला पांढरा झगझगीत दिवा काढून पिवळसर, खाली तोंड केलेला लावावा आणि जेवणे झाली की मालवावा. आश्विनातल्या पणत्यांचा प्रश्न नाही. चार दिवसांच्या त्या मंद ज्योतींपेक्षा वर्षभर रात्रभर जळणारा फाटकावरचा दिवा जास्त जीव घेतो. पणत्यांनी कीड मरते म्हणून दिवाळी शास्त्रीय, असे दरवर्षी कोणीतरी सांगतो; सणाला असल्या समर्थनाची गरज नाही. संध्याकाळी उमलणारी जुई, मोगरा, पारिजातक असावीत, पण त्यांच्याबरोबर अळीची झाडेही असावीत: तगर, अनंत, जागा असेल तर ऐन किंवा अर्जुन. फवारणी टाळावी. केसाळ सुरवंटाला मात्र हात लावू नये, खाज सुटते. काटकीने बाजूला करावे.

राहिला झाडू. तगरीवरची ती हिरवी अळी पूर्ण वाढली की एक दिवस तपकिरी होते, फांदीवरून उतरते आणि जमिनीवर चालू लागते. झाडाच्या बुंध्याशी साचलेल्या पाचोळ्यात ती दोन-चार पाने रेशमाच्या विरळ धाग्यांनी जोडते आणि आत कोष करते. दिवाळीच्या साफसफाईत आपण नेमका तोच पाचोळा गोळा करून पेटवतो.