ध्वनिमुद्रिकांतील दोष आणि त्यांची साक्ष

गाणें संपतें, तबल्याची शेवटची थाप विरते न विरते तोंच गाणारी बाई मोठ्या ठसक्यांत इंग्रजींत सांगते, "माय नेम इज गोहरजान." जुन्या तबकड्या ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांस हें वाक्य चांगलें परिचयाचें आहे. नव्या श्रोत्यांस मात्र तें ऐकून हसूं येतें. तीन मिनिटांत कसाबसा जमलेला रागाचा रंग त्या एका वाक्यानें उडून गेला असें त्यांस वाटतें, आणि हें शेपूट कापून टाकलें तर काय बिघडेल, असा प्रश्न ते करितात. प्रश्न वाजवी आहे. जुन्या ध्वनिमुद्रिकांत असे दोष अनेक आहेत. ते पुसून टाकण्याचीं साधनेंही आज घरोघर झालीं आहेत. म्हणूनच, पुसण्यापूर्वीं या दोषांस एकवार साक्षीला उभें करून ते काय सांगतात तें ऐकून घ्यावें, एवढाच या निबंधाचा हेतु आहे.

पाश्चात्त्य देशांत रॉक संगीताच्या चाहत्यांनीं अशा दोषांचा शोध हा एक छंदच करून ठेविला आहे. बीटल्स मंडळींच्या १९६७ सालच्या 'अ डे इन द लाइफ' या गीताच्या अखेरीस पियानोचा दीर्घ नाद विरत असतां खुर्ची करकरल्याचा आवाज येतो. 'पोलीस' या वृंदाच्या १९७८ च्या 'रॉक्सॅन' गीताच्या आरंभीं गायक स्टिंग चुकून पियानोच्या पट्ट्यांवर टेकतो. तो बेसूर नाद व त्यामागून आलेलें त्याचें हसणें तबकडीवर तसेंच राहिलें आहे. परंतु या दोषांत आणि आपल्याकडील जुन्या दोषांत एक मोठें अंतर आहे. त्या मंडळींजवळ चुंबकीय फीत होती. नको तो भाग गाळतां येत होता, गाणें पुन्हा घेतां येत होतें. त्यांनीं दोष ठेविला तो कौतुकानें. आपल्या पूर्वीच्या गायकांस ही निवड नव्हती.

त्यांची अडचण समजण्यासाठीं त्या काळची रीत पाहिली पाहिजे. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग हा ध्वनिमुद्रक १९०२ च्या एप्रिल महिन्यांत इटलींतील मिलान शहरीं होता. तेथें त्यानें कारूसो या तरुण गायकाचीं दहा गीतें मुद्रित केलीं. त्याच वर्षीं तो कलकत्त्यास आला आणि तेथें नोव्हेंबरांत त्यानें गोहरजानचा आवाज मेणाच्या जाड चकतीवर उतरवून घेतला. विजेचा मायक्रोफोन तेव्हां नव्हता. मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें. त्या आवाजाच्या धक्क्यानें एक पातळ पडदा हाले व त्याला जोडलेली सुई मेणांत खांच पाडी. एकदां पडलेली खांच दुरुस्त करण्याची सोय नव्हती. खोकला आला, शब्द चुकला, साथीदाराच्या तोंडून 'वाहवा' निघून गेली, तर दोनच मार्ग उरत : ती चकती तासून सर्व पुन्हा गाणें, किंवा झालें तें पत्करणें.

अशा रीतीनें तयार झालेल्या मेणाच्या मुद्रिका आगबोटीनें जर्मनींत हॅनोव्हर येथें जात व तेथें त्यांच्या तबकड्या छापल्या जात. तेथील कारागिरास हिंदी वा मराठी कोठून समजणार ? कोणती चकती कोणाची हें त्यास ओळखतां यावें म्हणून गायकानें शेवटीं आपलें नांव सांगावें असा प्रघात पडला, असें सांगतात. पुढें १९०८ साली कलकत्त्यांत सियालदा येथें कारखाना निघाला; तरी आग्र्याची जोहराबाई, अलाहाबादची जानकीबाई यांच्या तबकड्यांवर नांवाचा हा पुकारा ऐकूं येतच राहिला. ज्यास आपण गाण्याचें शेपूट म्हणतों तो वस्तुतः त्या तबकडीचा जन्मदाखला होय. कागदी नांव फसवूं शकतें. गंगूबाई हनगल यांच्या आरंभींच्या तबकड्यांवर त्यांचें नांव 'गांधारी' असें छापलें गेलें, आणि तो कागद पाहून गंगूबाईंचें गाणें शोधणारा मनुष्य रिकाम्या हातीं परतला असता. गायिकेनें स्वमुखानें उच्चारलेल्या नांवाबद्दल असा संशय राहत नाहीं.

दुसरा दोष घाईचा. दहा इंची तबकडीवर सुमारें तीन मिनिटें मावत, बारा इंचीवर चारएक. ज्या गवयास रागाचा उंबरठा ओलांडावयासच अर्धा तास लागे, त्यानें तीन मिनिटांत चीज, आलाप, ताना आणि समाप्ति हें सर्व कसें उरकावें ? म्हणून कित्येक तबकड्यांत शेवटची तान धापा टाकीत समेवर येते, आणि कांहींत आवर्तन पुरें होण्यापूर्वींच सुई कोऱ्या जागेंत जाते. कांहीं थोरांनीं या सांच्यांत शिरावयाचें नाकारिलें. गानसम्राट अल्लादियाखां (१८५५–१९४६) यांची एकही तबकडी निघाली नाहीं. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या गळ्याचीही तबकडी आज उपलब्ध नाहीं. १९१६ सालच्या 'स्वयंवर' नाटकाला त्यांनीं दिलेल्या चाली बालगंधर्वांच्या गळ्यांतून तबकडीवर आल्या, एवढेंच आपलें भाग्य. परंतु रंगभूमीवर 'वन्समोअर'च्या गजरांत तेंच पद दर खेपेस नवें होऊन येई. तबकडीवर तें एकदांच आणि मोजक्या वेळांत. तबकडींतील तीन मिनिटांवरून त्या गायकीची लांबीरुंदी ठरविणें म्हणजे पोस्टाच्या तिकिटावरील चित्रावरून किल्ल्याची उंची मोजणें होय.

तिसरा दोष जें ऐकूं येत नाहीं त्याचा. कर्ण्यासमोर जो उभा त्याचाच आवाज ठळक. तंबोरा जवळजवळ नाहींसाच होई आणि तबला दूर कोठें वाजल्यासारखा वाटे. बैठकीच्या गाण्याचें हें नुकसान पुष्कळ, पण तमाशाचें त्याहून अधिक. आमच्या घोडेगांवाच्या बाजूस राहणाऱ्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. शेजारच्या जुन्नर तालुक्यांतलें नारायणगांव हें तर तमाशाचें माहेरघर. यात्रांचा हंगाम आला कीं गांवोगांवचे कारभारी सुपारी देण्यासाठीं तेथें फडांच्या राहुट्यांवर जमतात. तमाशांतील लावणी ही एका गळ्याची वस्तु नव्हे. ढोलकी आणि हलगी यांची झुंज, तुणतुण्याची एकसारखी धार, पाठीमागून झीलकऱ्यांनीं उचललेलें धृपद आणि समोरच्या रसिकांची दाद या सर्वांची मिळून ती लावणी होते. कर्ण्याच्या तोंडाशीं यांपैकीं एकालाच जागा. म्हणून त्या काळच्या तबकडीवरील लावणी ऐकून 'इतकीच का ती ?' असें कोणी म्हणेल, तर त्यास सांगावें कीं ही लावणी नव्हे, लावणीची एक बाजू आहे.

आतांपर्यंत सांगितलेले दोष कानास कळतात. चौथा दोष असा आहे कीं तो कळतच नाहीं, आणि म्हणूनच तो सर्वांत घातक. तो म्हणजे गतीचा. जुन्या तबकड्या मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेतात असें आपण सरसकट म्हणतों. पण हें मान स्थिर झालें तें १९२५ नंतर, विद्युत्-मुद्रणाच्या काळांत. त्यापूर्वीं मुद्रकाचें यंत्र कधीं सत्तरीच्या आसपास, कधीं ऐंशीच्याही पुढें चाले. साडेत्र्याहत्तर फेऱ्यांवर घेतलेली तबकडी आपण अठ्ठ्याहत्तरांवर वाजविली, तर आवाज बरोबर एक पट्टी वर चढतो. काळी एकमध्यें गाणारा गवई पांढरी दोनमध्यें गाऊं लागतो. एवढ्यावरच भागत नाहीं. तीन मिनिटांचें गाणें दहा सेकंद आधीं संपतें, ताना अधिक चपळ होतात, स्वरावरील आंदोलन कांपरें होतें आणि गळ्याचा पोत पातळ होतो. घरच्या ग्रामोफोनची चावी उतरली म्हणजे गाणें रडूं लागे, तें लहान मुलाच्याही ध्यानांत येई; परंतु पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्याच चुकीच्या गतीनें फिरणारी तबकडी कोणासही चुकीची वाटत नाहीं. ती सुरेलच वाजते. फक्त तो आवाज त्या माणसाचा नसतो.

याचा परिणाम केवढा होतो पाहा. खांसाहेब अब्दुल करीमखां (१८७२–१९३७) यांच्या १९०५ सालच्या कर्ण्यापुढील तबकड्या आहेत आणि उतारवयांत विद्युत्-यंत्रावर घेतलेल्याही आहेत. तीस-बत्तीस वर्षांचा तरुण आणि साठी उलटलेला वृद्ध, या दोघांच्या गळ्यांत काय फरक पडला, पट्टी उतरली कीं तशीच राहिली, लय शांत झाली कीं काय, हे प्रश्न संगीताच्या इतिहासकारास सहज सुचावे असे आहेत. परंतु पहिल्या तबकड्यांची खरी गति ठरविल्यावांचून त्यांतील एकाचेंही उत्तर देणें धाडसाचें होईल. बालगंधर्वांसारख्या स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाच्या बाबतींत तर हा प्रश्न अधिकच नाजूक. तबकडी जलद फिरली कीं पुरुषाचा आवाज बायकी होतो. त्या स्वरांतील मार्दव किती गायकाचें आणि किती यंत्राचें, हें निवडावयास नको काय ?

मग खरी गति ठरवावी कशावरून ? येथें ज्यांस आपण दोष म्हणून बाजूस सारीत होतों तेच साक्षीदार म्हणून पुढें येतात. पहिली साक्ष पेटीची. गायकाची पट्टी बदलते, सारंगी वा तंबोरा हवा तसा मिळवितां येतो, पण हार्मोनियमचे सूर भात्याबरोबर बदलत नाहींत; ते ठरलेल्या पट्ट्यांवरच असतात. तबकडींतील पेटीचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्यें लोंबकळत असेल, तर गति चुकली असें बहुधा समजावें. सर्व पेट्या एकाच मापाच्या नसत, म्हणून ही साक्ष एकटी पुरत नाहीं; पण ती मोलाची आहे. ज्या वाद्यावर तें आपल्या श्रुतींचा नाश करितें असा आरोप ठेवून ऑल इंडिया रेडिओनें १९४० साली बंदी घातली व ती १९७१ पर्यंत चालविली, तेंच आपल्या थोर गवयांचे खरे सूर परत मिळवून द्यावयास उपयोगी पडावें, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

दुसरी साक्ष त्या शेवटच्या पुकाऱ्याची. गाणाऱ्या आवाजाची पट्टी कोणतीही असूं शकेल. बोलणाऱ्या मनुष्याचा सूर व वेग मात्र फार खालींवर जात नाहीं. तबकडी जलद फिरत असेल तर गाण्यांत तें लपून जाईल, पण 'माझें नांव अमुक' हें वाक्य चिवचिवल्यासारखें येईल. मंद फिरत असेल तर बोलणें जड होईल. साथीदाराची 'वाहवा', मधलें खाकरणें, हेंही असेंच गतीचें माप आहे. हीं मापें कापून फेंकिलीं कीं गाणें स्वच्छ होईल, पण पारखण्याचा कांटा हातचा जाईल.

ही गोष्ट केवळ आपल्या जुन्या चकत्यांची नव्हे. अमेरिकेंत माइल्स डेव्हिस याची 'काइंड ऑफ ब्लू' ही जाझ संगीताची तबकडी १९५९ सालीं निघाली. मुद्रणाचें एक यंत्र किंचित् मंद चाललें होतें. परिणामीं पहिल्या बाजूचीं तिन्ही गीतें मूळच्याहून चढ्या सुरांत जगापुढें आलीं. लक्षावधि लोकांनीं ती ऐकिली, वादकांनीं तिच्याबरोबर वाजवून अभ्यास केला, आणि दुसऱ्या यंत्रावरील फीत वापरून ती चूक सुधारली गेली १९९२ सालीं. तेथें दुसरी फीत होती म्हणून निभावलें. आपल्याकडे बहुधा ती एक तबकडीच उरलेली असते.

या पार्श्वभूमीवर एका मराठी मनास जवळच्या प्रसंगाचें स्मरण होतें. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत 'व्हॉयेजर' नांवाचीं दोन यानें अमेरिकेंतून अंतराळांत सोडण्यांत आलीं. त्या प्रत्येकावर पृथ्वीच्या परिचयादाखल सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी ठेविली आहे. तींत सुरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. गोव्यांतील केरी गांवची ही गायिका, आणि ज्यांनीं आपली तबकडी निघूं दिली नाहीं त्या अल्लादियाखांसाहेबांची शिष्या ! त्याच सप्टेंबरांत केसरबाई निवर्तल्या. ही तबकडी मिनिटास सोळा पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्यांनीं वाजवावयाची आहे. आणि ऐकणारा कोण असेल, त्याला आपलीं मिनिटें कशीं कळणार, हें जाणून तिच्या आवरणावर एका फेऱ्यास लागणारा ३.६ सेकंदांचा काळ हायड्रोजनच्या अणूच्या कालमानांत कोरून ठेविला आहे. अज्ञात लोकींच्या श्रोत्यास केसरबाईंचा गळा त्यांच्याच पट्टींत ऐकूं यावा, ही काळजी शास्त्रज्ञांनीं वाहिली. आपल्याच नातवंडांसाठीं तेवढी काळजी आपण वाहिली आहे काय ?

सुदैवानें ही जाण अगदींच नाहीं असें नाहीं. मुंबईंत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेनें जुन्या तबकड्यांचा अभ्यास व त्यांच्या नोंदी हें कार्य निष्ठेनें केलें आहे. परंतु आज तबकडीची नक्कल करणारे हजारों हात आहेत. खरखर गाळावी, पुकारा कापावा, तुटकें आवर्तन हळूंच मिटवावें, असा मोह त्या प्रत्येकास होणार. त्यांनीं श्रोत्यांसाठीं स्वच्छ प्रत खुशाल करावी. मात्र एक प्रत जशीच्या तशी, पहिल्या खरखरीपासून शेवटच्या शब्दापर्यंत, राखावी, आणि ती किती फेऱ्यांनीं वाजविली तो आंकडा तिच्यावर लिहून ठेवावा. जुन्या पोथीची नक्कल करणारा लेखक 'जैसें पाहिलें तैसें लिहिलें' अशा अर्थाचें वचन शेवटीं घालीत असे. त्याला न कळलेली अक्षरेंही त्यानें तशींच ठेविलीं, म्हणून पुढच्या पंडितांस मूळ पाठ शोधतां आला. तबकडीच्या नक्कलकारानें एवढीच प्रतिज्ञा करावी. गवयाचा सूर कोणता होता हें आज आपणांस ठरवितां आलें नाहीं, तरी उद्यां ज्यास ठरवितां येईल त्याच्यासाठीं पुरावा शिल्लक राहिला पाहिजे.