तोट्यातला शेअर विकवत का नाही? मेंदू नेमकं काय करतो?

समजा, तुमच्याकडे दोन शेअर आहेत. एक २० टक्के वर गेलाय, दुसरा २० टक्के पडलाय. पैशांची गरज पडली, तर कोणता विकाल?

बरेच जण नफ्यातला विकतात आणि तोट्यातला ‘येईल कधीतरी वर’ म्हणून ठेवून देतात. या सवयीला हर्श शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये ‘डिस्पोझिशन इफेक्ट’ असं नाव दिलं.

असं का होतं?

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ‘प्रॉस्पेक्ट थिअरी’ मांडली. रक्कम सारखीच असली तरी मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख मोठं असतं. पुढच्या प्रयोगांत ते साधारण दुप्पट असल्याचं दिसलं. शेअर विकला की कागदावरचा तोटा पक्का होतो. तो बोचू नये म्हणून आपण विकणंच टाळतो. इतकंच नाही, तर तोटा भरून काढायला आणखी मोठी जोखीमही घेतो.

मेंदूत काय घडतं?

मेंदूतला बदामाएवढा अमिग्डाला हा भाग धोका ओळखतो. २०१० मधल्या एका अभ्यासात अमिग्डालाला इजा झालेल्या दोन रुग्णांमध्ये तोट्याची ही धास्ती दिसलीच नाही.

मग भावना बाजूलाच ठेवायच्या का?

तसंही नाही. अँटोनिओ दमासिओ यांच्या टीमने १९९४ मध्ये लोकांसमोर पत्त्यांचे चार गठ्ठे ठेवले. त्यातल्या दोन गठ्ठ्यांत बक्षीस मोठं होतं, पण शेवटी तोटाच व्हायचा. निरोगी लोक हळूहळू ते गठ्ठे टाळू लागले. कपाळामागच्या मेंदूला इजा झालेले रुग्ण मात्र बुद्धी शाबूत असूनही तिथूनच पत्ते उचलत राहिले. धोक्याची आतली सूचना त्यांना मिळतच नव्हती.

याची किंमत किती?

टेरन्स ओडीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या १० हजार खात्यांचा अभ्यास मांडला. लोकांनी विकलेल्या नफ्यातल्या शेअरनी पुढच्या वर्षभरात, राखून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्के जास्त परतावा दिला.

भारतात सेबीच्या २०२४ च्या अहवालानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. तरीही त्यातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी ट्रेडिंग सुरूच ठेवलं.

काय करता येईल?

किती तोट्यावर बाहेर पडायचं, हे खरेदीआधीच ठरवा. आणि आधीच घेतलेल्या शेअरबद्दल एक प्रश्न विचारा: हा शेअर आज माझ्याकडे नसता, तर या किमतीला घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो कशासाठी धरून ठेवलाय, याचा विचार करा.